उजनीत कटला का घटला: चिलापीमुळे की जाळ्यामुळे?

भीमाकाठ: पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात साचतं. शेवाळ फोफावतं, ऑक्सिजन घटतो. चिलापीला हे दोन्ही चालतं. १९५२ मध्ये भारतात आलेली ही आफ्रिकी मासळी बोटाएवढी असतानाच, दोन-तीन महिन्यांत अंड्यावर येते. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून मरतूक कमी. कटला माशाला वयात यायला दोन वर्षं लागतात. चिलापी उपसून काढल्याशिवाय कटला येणार नाही.

बारीकआस: दोष भलत्याच्या माथी मारताय. चिलापी मुख्यतः शेवाळ आणि तळचा कुजका गाळ खाते, मोठा कटला वरच्या थरातले प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव). कटला साचलेल्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालत नाही. त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, यावरच सगळं. त्यात चिलापीसाठी बारीक आसेचं (छिद्रांचं) जाळं लावलं की डोकं मोठं असलेला पाव किलोचा कटला हमखास अडकतो. वर्षभर राहू दिला तर तोच किलोच्या पुढे जातो.

भीमाकाठ: मोठ्यांचं मान्य. पण चिलापीची पिल्लंही प्राणीप्लवंगच खातात. खरी टक्कर लहानपणी होते. शिवाय चिलापी माशांची अंडी आणि मत्स्यजिरेही (अगदी बारीक पिल्लं) गिळते.

पाणमांजर: म्हणूनच जिरे सोडूच नयेत, ८ ते १० सेंमीची बोटुकली सोडावी, पहाटे. बोटुकलीची पिशवी बंदच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. तापमान एकदम बदललं तर बोटुकली मरते, आणि सगळी लगेच नाही, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. काठाच्या उथळ पाण्यात सोडू नका. चिलापीची ताटलीसारखी घरटी तिथेच असतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याच पट्ट्यात ओढजाळं टाकावं.

बारीकआस: मूठभर माद्या उरल्या तरी पुढच्या हंगामात पुन्हा तेच. भिगवणच्या बाजारात चिलापीला गिऱ्हाईक आहे, मच्छीमारांची चूल तिच्यावर पेटते. त्यापेक्षा मरळ ही शिकारी मासळी वाढू द्या, ती चिलापीची पिल्लं फस्त करते.

भीमाकाठ: मरळ कटल्याच्या बोटुकलीलाही सोडत नाही. बोटुकली पावसाळ्यात सोडली तर एप्रिल-मेपर्यंत चांगली मोठी होते, ओढजाळ्यातून वेचून परत सोडता येते.

बारीकआस: कटला नाजूक असतो. खवले निघाले, कल्ले घासले की परत सोडलेलाही मरतो. आधी आस मोठी करा.