मदत हवी आहे : साक्षीदार फितूर झाले, आता परिस्थितिजन्य पुराव्यावर खून सिद्ध होईल का?

नमस्कार. माझ्या आतेबहिणीचा खटला सत्र न्यायालयात चालू आहे. ती डिसेंबर २०२२ मध्ये गेली. आरोपी तिचा नवरा, कलम ३०२. त्या रात्री घरात दोघंच होती. पहाटे त्याने आत्याला फोन केला, "तिनं गळफास घेतला." आम्ही पोचलो तेव्हा ती पलंगावर होती, चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

शवविच्छेदनात मानेवरचा व्रण आडवा, पूर्ण गोल आणि कंठमण्याच्या खाली आढळला. गळफासात तो बहुधा वरच्या बाजूला तिरका जातो आणि गाठीपाशी तुटतो, हा गळा आवळल्याचा आहे, असं डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं. उलटतपासणीतही त्या ठाम राहिल्या.

पण ज्या शेजारच्या काकूंनी पोलिसांना रात्री भांडण ऐकल्याचं सांगितलं होतं, त्या कोर्टात म्हणाल्या, "मला काही ऐकू आलं नाही." दोरी जप्त केली त्याचा एक पंचही फिरला. पिंजऱ्यातून उतरताना काकूंनी आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हापासून आत्या मला एकच विचारते, "कुणी पाहिलं नाही म्हणजे झालंच नाही का गं?"

सरकारी वकील भले आहेत, पण दोन मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. मी १९८४चा शरद सारडा खटला वाचला आणि धसकाच घेतला. पुण्यातल्या नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू, खालच्या दोन्ही कोर्टांत नवऱ्याला फाशी आणि सुप्रीम कोर्टात निर्दोष. आमचंही तसंच होईल का? घरात काय घडलं हे त्यानेच सांगायला नको का? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी फौजदारी वकिली करतो. कागद न बघता निकाल सांगता येणार नाही, पण धीर सोडू नका.

सारडा खटल्यात आत्महत्येची शक्यता उरली होती, म्हणून पुराव्यांची साखळी तुटली. प्रत्येक दुवा पक्का सिद्ध व्हावा लागतो आणि सगळे मिळून आरोपीकडेच बोट जायला हवं, दुसरी शक्यता उरता कामा नये. तुमच्याकडे व्रणाचा पुरावा नेमका तीच शक्यता खोडतो. त्याला जपा.

पुरावा कायद्याचं कलम १०६ (जी गोष्ट खास आरोपीलाच ठाऊक, ती त्याने सांगायची) आहेच, पण ते आधी लागत नाही. तो त्या रात्री घरातच होता हे सरकार पक्षाने आधी सिद्ध करायचं, मग खुलासा त्याने द्यायचा. त्रिमुख किरकन खटला (२००६) जरूर वाचा. तिथे बायकोला साप चावला असं सांगितलं होतं आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. शिक्षा कायम राहिली. मात्र खोटा खुलासा तुटलेली साखळी जोडत नाही, पूर्ण साखळीला बळ देतो, एवढंच.

काकू फितूर झाल्या तरी त्यांची साक्ष सगळीच बाद होत नाही, पटणारा भाग कोर्ट घेऊ शकतं. पंच फिरला तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर जप्ती टिकते.

आणि खासगी वकील लावा. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने त्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०१(२)खाली लेखी युक्तिवाद देता येतो. पहाटेच्या फोनची नोंद आणि मोबाइल टॉवरचा तपशील दोषारोपपत्रात आहे का?

धागाकर्ती

फोनची नोंद आहे, टॉवरचं पाहावं लागेल. उद्याच प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करते. आत्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पंधरा दिवसांनी तारीख आहे.