मदत हवी आहे: डिप्रेशनची गोळी घाईने सोडली, आता डोक्यात करंट बसतात

आज अकरावा दिवस. लिहिणं विस्कळीत होईल, सांभाळून घ्या. सलग चार-पाच ओळी वाचल्या की स्क्रीन तरंगायला लागते.

व्हेन्लाफॅक्सिन १५० मिग्रॅ, रोज सकाळी एक कॅप्सूल, सव्वातीन वर्षं. गेलं वर्षभर मी अगदी ठणठणीत होते. मग मनाने घेतलं की आता पुरे. डॉक्टरांना विचारलं नाही. (हो, माहीत आहे. घरच्यांचं बोलून झालंय, तुम्ही नका बोलू.) आठवडाभर ७५ घेतली आणि मग थेट बंद. मला खरंच वाटलं होतं की निम्मी केली म्हणजे हळूहळू सोडली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जिना उतरताना उजवीकडे पाहिलं आणि डोक्यात खट्कन काहीतरी झालं. दुखलं नाही. ट्यूबलाइट लागताना फडफडते ना, तसं कवटीच्या आत, आणि सोबत कानात 'झ्झप'. पाय पायरीवरच होता, पण पायरी कुठे आहे हे क्षणभर कळेना. तेव्हापासून मान वळवायचीही गरज नाही, नुसते डोळे बाजूला नेले की होतं. आता कुणी हाक मारली तर मी अंगासकट वळते, चावीच्या बाहुलीसारखी.

बाकी मळमळ, रात्री घामाने भिजलेली उशी, खरी वाटावीत अशी स्वप्नं. जाहिरातीतलं कुत्रं हरवलं म्हणून रडले. ते सापडलं तेव्हाही रडले.

नवरा म्हणतो, "बघ, आजार परत आला. आता गोळी जन्मभर." भाऊ म्हणतो, "तुला सवय लागलीय त्याची, व्यसनच ते. अकरा दिवस काढलेस, अजून थोडी कळ काढ." रात्री तीन वाजता मला दोघांचंही पटतं.

डॉक्टरांची वेळ सहा दिवसांनी मिळाली आहे. ड्रॉवरमध्ये १५० च्या सात कॅप्सूल पडून आहेत. एक घेऊन टाकू का? की सोसू? आणि हे नक्की आहे काय?

— पायरी

कवडसा:
पायरीताई, आधी एक सांगते. हे करंट तुमच्या मनाचे खेळ नाहीत. इंग्रजीत याला 'ब्रेन झॅप' म्हणतात आणि डोळे बाजूला नेले की ते येतात हे इतक्या जणांनी सांगितलंय की तुमचं वर्णन वाचून मला हसूच आलं. मला पॅरोक्सेटिन सोडताना झाले होते. मीही अशीच, 'बरी आहे ना मी' म्हणून चार दिवसांत सोडली होती.

आजार परतलाय की औषध सोडल्याचा त्रास, हे ओळखायच्या दोन-तीन खुणा मला तेव्हा सांगितल्या होत्या. आजार परततो तो बहुधा दबक्या पावलांनी, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. हा त्रास गोळी बंद झाल्यावर एक-दोन दिवसांतच दार ठोठावतो. दुसरं, यात अशा गोष्टी असतात ज्या मूळ आजारात कधी नव्हत्याच. तुम्हाला डिप्रेशनमध्ये असे करंट बसत होते का? मळमळत होतं? नाही ना? आणि तिसरं, गोळी परत सुरू केली की हा त्रास बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत ओसरतो. आजार असा तीन दिवसांत जात नाही.

रडू येणं, चिडचिड, घाबरणं मात्र दोन्हींत असतं. घरच्यांची गल्लत तिथेच होते.

खलबत्ता:
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तेवढं धरून वाचा.

ड्रॉवरमधली १५० आज स्वतःच्या मनाने घेऊ नका. अकरा दिवसांचं अंतर पडलंय. परत सुरू करायची का, आणि किती डोसने, हे लिहून देणाऱ्यानेच ठरवायचं. पण सहा दिवस वाटही पाहू नका. आजच फोन करा. नुसतं "बरं वाटत नाही" म्हणालात तर पलीकडून "वेळ दिलीये ना, तेव्हा या" एवढंच ऐकायला मिळेल. सांगा: "व्हेन्लाफॅक्सिन १५० तीन वर्षं घेत होते, एका आठवड्यात बंद केली, अकरा दिवस झाले, तोल जातोय, झोप नाही." या एका वाक्यावर बऱ्याचदा त्याच दिवशी डॉक्टर स्वतः फोनवर येतात.

आता भाऊरायांच्या 'व्यसना'बद्दल. व्यसनात तलफ असते, डोस वाढवत न्यावासा वाटतो. तुम्हाला गोळीची तलफ आली होती का? उलट टाकून द्यायची घाई झाली होती. शरीर औषधाला सरावलेलं असतं आणि ते अचानक काढलं की गडबडतं, इतकंच. त्यात व्हेन्लाफॅक्सिन या बाबतीत कुप्रसिद्ध. ते शरीरातून निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, त्यापासून बनणाऱ्या घटकाला अकराच्या आसपास. उलट फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनचं दुसरं औषध आणि त्याचा घटक दिवसेंदिवस रेंगाळतात, म्हणून ते आपसूक हळू उतरतं. काही डॉक्टर सोडण्यासाठी त्यावर वळवतात ते यामुळेच. पण ते त्यांचं काम. दोन औषधं घरच्या घरी एकत्र करू नका, सेरोटोनिन (ही औषधं मेंदूतलं जे रसायन वाढवतात ते) धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

सूर्यफूल:
सकाळी कोमट पाणी, दीर्घ श्वसन, सकारात्मक विचार. गोळ्या मुळात घ्यायलाच नको होत्या. मनाची ताकद मोठी असते.

कवडसा:
@सूर्यफूल, तिला जिना उतरता येत नाहीये. श्वसन जरूर करेल, आधी कठडा धरू दे.

पायरी:
फोन केला. खलबत्तादादांचं वाक्य कागदावर लिहून जसंच्या तसं वाचलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रागावल्या नाहीत, याचंच मला रडू आलं. उद्यापासून ७५, आणि सहा दिवसांनी भेट आहेच.

पण एक कळत नाही. १५० वरून ७५ वर आले तो आठवडा काहीच झालं नव्हतं. मग ७५ वरून शून्यावर एवढं का? तेवढंच तर अंतर आहे. आणि पुढच्या वेळी एक दिवसाआड घेत सोडली तर?

खलबत्ता:
अंतर तेवढंच दिसतं, पण नसतं. या औषधांचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात चढत नाही. सिटालोप्राम या डिप्रेशनच्याच औषधाचं उदाहरण घ्या. ६० मिग्रॅला मेंदूतले सेरोटोनिनचे वाहक (ते परत शोषून घेणारे, ज्यांना औषध अडवतं) साधारण ८८ टक्के अडवलेले असतात. २० मिग्रॅला किती? तरीही ८० च्या आसपास. ५ मिग्रॅच्या जवळपास आलं तरी ६० टक्के. म्हणजे साठावरून विसावर आलात तर फारसं कळत नाही, आणि शेवटच्या त्या चिमुकल्या पाचावरून शून्यावर गेलात की थेट गच्चीवरून उडी. २०१९ मध्ये हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं, की डोस जितका खाली येईल तितके टप्पे बारीक करायचे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे: दर वेळी आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करा, खाली आल्यावर आणखी छोटे टप्पे. काहींना यात महिनोन्‌महिने जातात.

एक दिवसाआड नको. पाच-अकरा तासांत निम्म्यावर येणाऱ्या औषधाचं एक दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी छोटं विथड्रॉवल. आणि लांब परिणामाची कॅप्सूल असेल तर आतलं काही कुटायचं-चावायचं नाही, सगळा डोस एकदम सुटतो.

कवडसा:
ताई, एक विचारते, राग मानू नका. जीव नकोसा वाटतो का? किंवा पाय एका जागी ठरत नाहीत, कातडीतून बाहेर पडावंसं वाटतंय, अशी तगमग? असं काही झालं तर भेटीची वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना. मला तगमग झाली होती आणि मी दोन दिवस लपवली. तो माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा होता, गोळी सोडण्यापेक्षाही.

पायरी:
नाही गं, तसं नाही. विचारलंस ते बरं केलंस. नवऱ्यालाही हे वाचून दाखवलं, म्हणजे मी लपवलं तरी त्याला कळेल.

अर्धविराम:
घाबरून धागा वाचणाऱ्यांसाठी: प्रत्येकाला असं होत नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'तच ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. औषध सोडल्यावर ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण खोटी (औषध नसलेली) गोळी सोडणाऱ्यांतही तो १७ टक्के होता. म्हणजे खरा औषधामुळे होणारा साधारण सहा-सात जणांत एकाला. तीव्र त्रास ३ टक्क्यांच्या आसपास. यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध थोडेच महिने घेतलं होतं, तेव्हा तीन वर्षंवाल्यांनी हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये. पण पायरीताईंचं वाचून कुणी चालू गोळी सोडायला किंवा सुरू करायला घाबरू नये, एवढंच.

पायरी:
पाच आठवड्यांनी परत आले. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहिते.

७५ सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून एकही करंट नाही. मुद्दाम डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिले. काही नाही. नवऱ्याला वाटलं मी त्याला खुणावतेय. 'आजार परत आला' हे त्याने त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही. भाऊ अजून 'सवय'च म्हणतो. त्याच्याशी वाद घालण्याइतकी बरी झाले की घालीन.

डॉक्टरांचं म्हणणं, आधी दोन-तीन महिने ७५ वरच स्थिर राहायचं, मगच खाली उतरण्याचं बोलू. औषध देताना फार्मासिस्टने एक कॅप्सूल उघडून दाखवली. मला वाटलं होतं आत पावडर किंवा बारीक दाणे असतील. निघाल्या सहा इवल्याशा गोल टिकल्या, साडेबाराची एक. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये खरोखर दाणे असतात म्हणे, हिच्यात टिकल्या. वेळ आली की एकेक टिकली कमी करत जायचं, आणि शेवटच्या दोन-तीन टिकल्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, असा सध्याचा बेत. ड्रॉवरमधल्या सातही कॅप्सूल त्यांच्याकडेच परत देऊन आले.

एकच उरलंय. स्वप्नं. काल रात्रभर मी शाळेत परीक्षेला बसले होते आणि पेपर कुठल्या विषयाचा ते कुणीच सांगत नव्हतं. ही कुणाची किती दिवसांनी थांबली?

कवडसा:
माझी दोन महिन्यांनी. पेपर बहुधा भूगोलाचा असतो.