नखाखालचा कॅन्सर : अंगठा काढायचा की फक्त नख?

केळीवाला_रावेर
नाना ६१ वर्षांचे. उजव्या अंगठ्याच्या नखावर तीन वर्षांपासून काळी रेघ. पील (केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब) कापून कापून केळीचा चीक बसलाय, असंच धरून चाललो. कपड्यावरचा चीक जात नाही, नखावरचा काय जाणार! यंदा रेघ रुंदावली, काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवरही आला. बायोप्सीत ‘मेलानोमा इन सिटू’. एक डॉक्टर म्हणतात सांध्यातून अंगठा काढा, दुसरे म्हणतात नख आणि त्याखालचं सगळं काढून कातडी लावू. नानांचं एकच, “अंगठा गेला तं विळा धरू कसा?” कोणाचं ऐकू?

शिवणवाली_यावल
दादा, माझ्या डाव्या अंगठ्याचं हेच ऑपरेशन २०२१ मध्ये झालं. इन सिटू म्हणजे पेशी वरच्या थरातच आहेत, खाली शिरलेल्या नाहीत. म्हणून तर बोट वाचवायचा विचार होतो. माझं नख, त्याचं मूळ आणि भोवतीची अर्धा सेंटिमीटर कातडी थेट हाडापर्यंत काढली. नखाखाली चरबी नसतेच, लगेच हाड. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आल्यावर जांघेतली कातडी लावली.

नख परत येत नाही, हे नानांना आधीच सांगा. मला कोणी धड सांगितलं नाही, मी वेडी सहा महिने वाट बघत होते. थंडीत टोक ठणकतं. खाली पडलेली सुई चिमटीत येत नाही, लोहचुंबक फिरवते. कापड धरायला काही अडत नाही. विळ्याचं म्हणाल तर मुठीवर अंगठ्याचं पेर बसतं, नख नाही.

लॅबवाला_जळगाव
बायोप्सी नखाच्या मुळातून घेतलीय ना? रेघ तिथूनच निघते. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या, परळच्या टाटात दाखवा. आणि एक कडू गोष्ट : सगळं काढून तपासल्यावर पेशी खोल निघाल्या तर अंगठ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. नंतरची तपासणीही चुकवू नका.

केळीवाला_रावेर
मुळातूनच घेतलीय. ब्लॉक सोमवारी मिळतोय, रात्रीच भुसावळहून गाडी धरतो. ताई, तुमचं पेराचं नानांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, विळा हातात घेऊन बघत बसलेत.