मागच्या अंगणात बसायची जागा, कमी पैशात: तुमचे अनुभव लिहा

घराच्या मागे जी थोडी मोकळी जागा असते, जिथे भांडी घासतात, धुणी वाळतात आणि पावसाळाभर चिखल असतो, ती बसण्याजोगी करायची असं आमच्या घरात सहा वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. मागच्या डिसेंबरात एकदाचं झालं. तुम्ही कुणी असं केलं असेल तर किती लागले, काय फसलं, काय टिकलं ते सगळं लिहा. मला आधी असं कुणी सांगितलं असतं तर निदान चार हजार वाचले असते.

सातारा

आधी माझंच सांगते. जागा १२ बाय १४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. पहिला गवंडी आला तो म्हणाला, ताई वरची माती खरवडू, वाळू पसरू, फरशी टाकू, दोन दिवसात मोकळे. मी हो म्हटलं. दाराजवळची पट्टी त्याने अशी केली आणि एका पावसात ती मधोमध बसली, पाणी उंबऱ्यापाशी साचायला लागलं आणि त्यातच सासूबाईंचा पाय घसरला, नशिबाने मुका मार लागला तेवढ्यावर निभावलं. चार हजार गेले ते हे.

दुसऱ्या वेळी ओळखीतले एक जुने गवंडी काका आले. त्यांनी ना टेप काढली ना हिशेब केला, एक बादली पाणी मागितलं. दाराशी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले पाणी कुठे जातं ते. पाणी घराच्या भिंतीकडे येत होतं! सहा वर्षं आम्ही तिथे राहत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काका म्हणाले, फरशी नंतर, आधी पाण्याला वाट द्या.

मग ९ इंच खोदलं, हे खोदकाम मी, नवरा आणि दीर तिघांनी दोन रविवारांत केलं. ६ इंच मुरूम, २ इंच माल (कालवलेलं सिमेंट-वाळू), १ इंच फरशी. मुरूम एकदम ओतायचा नाही, तीन-तीन इंचांचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट करायचं. काका प्रत्येक थर झाला की टाच जोरात मारून बघायचे, खूण उमटली की परत धुम्मस. उतार १० फुटाला २ इंच धरला, म्हणजे १४ फुटात पावणेतीन इंच, आणि पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. लेव्हल बघायला पाण्याची साधी पारदर्शक नळी आणि सूत, दुसरं काही नाही.

खर्च: मुरूम १ ब्रास (१०० घनफूट) घरपोच २,४००, शहाबादी फरशी १८५ चौरस फूट ३२ रुपयांनी ५,९२० (तुटफुटीला दहा टक्के जास्त घ्याच), सिमेंट ६ गोण्या २,२८०, क्रश सँड २,०००, गवंडी आणि दोन बिगारी चार दिवस ८,८००. एकूण २१,४००. शहाबादीची खडबडीत बाजू वर ठेवली, पॉलिश केलेली घेतली नाही, ओल्यात घसरते म्हणून.

चिपळूणजवळचं गाव

वहिनी, पाण्याच्या वाटेचं अगदी खरं. आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. आजी होती तोवर दरवर्षी पाऊस गेला की नवी माती टाकून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून तुळशीच्या लग्नाच्या आत खळं तयार असायचं. आता गावात माणसं दोन, वय सत्तरीच्या पुढे, दरवर्षी चोपणार कोण. भावाचं म्हणणं पडलं सगळं सिमेंट करून टाकू. मला ते बघवेना.

जुना गोठा पडला होता त्याचे जांभ्याचे चिरे होते, काही तुटके, काही अख्खे. तेच आडवे निजवून मागच्या दारापासून विहिरीपर्यंत बसवले. सांध्यात सिमेंट अजिबात घातलं नाही, जांभ्याचीच भुकटी कुंच्याने सारली आणि पाणी मारलं. कोकणातला पाऊस, पाणी जिरायला जागा पाहिजे, सगळं सीलबंद केलं तर ते कुठून तरी घरात येतंच. जांभा खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत राहून कडक होतो, त्यामुळे जुने चिरे फुकट मिळत असतील तर नव्याच्या मागे लागू नका, उलट जुनेच घट्ट.

त्रास एकच, शेवाळ. ते येणारच. जूनच्या आधी आणि श्रावणात एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या चालायच्या वाटेवर चिऱ्यांना टाकीने टाके मारून घ्यायचे, पायाला पकड मिळते. खर्च म्हणाल तर गड्यांची पाच दिवसांची मजुरी तेवढी. तुळशीपुढचा चौकोन मात्र मातीचाच ठेवला, तो आई अजून सारवते.

यवतमाळ

आमची काळी माती, त्यामुळे आमचा अनुभव जरा वेगळा आहे. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून वर येते. हे माहीत असूनही २०१९ मध्ये मी मागे कोबा (सिमेंट काँक्रीटची सलग जमीन) केला, चांगला ४ इंच जाडीचा, सात दिवस वाफे करून पाणी भरून ठेवलं, क्युरिंगमध्ये काहीच कसूर नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यात आरपार तडा गेला आणि एक कड दोन बोटं वर आली. सिमेंट कमी पडलं म्हणून नाही, खालची जमीनच हलते तर वरचं काय टिकणार.

मग कोबा फोडला (फोडायचे पैसे करण्याएवढेच लागले, हे लक्षात ठेवा), काळी माती दीड फूट काढून टाकली, मुरूम भरला, त्यावर कच (दगडाची बारीक चुरी) आणि ६० एमएमचे पेव्हर ब्लॉक. कारखान्यात रंग न जुळलेले ब्लॉक वेगळे पडलेले असतात, मजबुतीला तेच, फक्त लाल कुठे फिकट कुठे गडद, ते मागून स्वस्तात मिळाले. कडेला मात्र काँक्रीटचा पक्का काठ केला, काठ नसला की ब्लॉक बाहेर सरकत जातात आणि मधले सैल होतात. गेल्या वर्षी एका कोपऱ्यात जागा बसली तेव्हा वीसेक ब्लॉक पहारीने उचलले, खाली कच भरून परत बसवले, सकाळी नऊला सुरू केलं आणि जेवणाआधी झालं. कोब्याला हे करता आलं नसतं.

डॅलस

यवतमाळचे दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण इथे टेक्सासमध्ये अगदी हीच माती आहे, काळी, फुगणारी, आणि इथली घरंसुद्धा तिच्यामुळे तडकतात. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे उन्हाळ्यात बॅकयार्डला भेगा पडलेल्या बघून मला परकं वाटलंच नाही.

आम्ही १० बाय १० चं पॅटिओ स्वतः केलं, कारण इथे मजुरीच सगळ्यात महाग, सामान त्या मानाने काहीच नाही. खोदायच्या आधी ८११ ला फोन करायचा, ते फुकट येऊन जमिनीखालच्या गॅसच्या, विजेच्या लाइन्सवर रंगाने खुणा करून जातात. आमची गॅसची लाइन आम्ही खोदणार होतो तिथून दीड फुटावर निघाली. त्यामुळे हा फोन टाळू नका, कुणी कितीही सांगो. एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) परवानगीही आधी घ्या, शेजारच्यांना झालेलं काम उखडावं लागलं होतं. पेव्हर एका कुटुंबाचे उरलेले फुकट मिळाले, उचलून न्या एवढीच अट होती, आठ फेऱ्या झाल्या कारमधून. खडीचा थर ४ इंच, वर १ इंच वाळू, आणि दाबायचं मशीन अर्ध्या दिवसाच्या भाड्याने आणलं. कंबर आठवडाभर धरली होती पण मुलांनी शेवटची वीट स्वतः बसवली.

नणंद मिनेसोटाला आहे, तिकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून सगळं वर उचललं जातं, म्हणून त्यांना खडीचा थर आमच्यापेक्षा बराच खोल घ्यावा लागला. त्यामुळे दुसऱ्या गावचं माप जसंच्या तसं घेऊ नका.

पुणे, रो हाउस

थोडक्यात लिहितो. आमचीही शहाबादी. सिमेंटचे डाग पडले होते म्हणून मी बाथरूमच्या टाइल्स साफ करायचं ॲसिड ओतलं. फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. फरशीच निघत होती! शहाबादी, तांदूर, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, ॲसिडने विरघळतात. आता तिथे पांढरे खरखरीत पट्टे आहेत कायमचे. नुसतं साबणाचं पाणी आणि ब्रश, बस. आणि माल टाकतानाच ओल्या फडक्याने डाग पुसून घ्यायला सांगा, एकदा वाळल्यावर कठीण.

नाशिक

सगळे खालचं लिहिताय, मी वरचं लिहिते. आमची फरशी उत्तम झाली, पण एप्रिलमध्ये संध्याकाळी सहापर्यंत तिथे पाय ठेववत नव्हता. मागची बाजू पश्चिमेला, कुणी विचारच केला नव्हता. म्हणून सुरुवात करायच्या आधी फक्कीने जमिनीवर चौकोन आखा, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाका आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ खरंच तिथे चहा प्या. ऊन कुठून येतं, शेजारच्यांची खिडकी कुठे, धुण्याची दोरी डोक्यात लागते का, मागच्या दारातून ताट घेऊन यायला वळण पडतं का, सगळं कळतं आणि पैसा एक लागत नाही. आम्ही हे नंतर केलं तेव्हा लक्षात आलं की जागा चार फूट उत्तरेला, आंब्याच्या सावलीत घेतली असती तर मांडवाचा खर्चच नव्हता.

आधी हिरवी जाळी बांधली, वळवाच्या एका वादळात फाटली. मग जीआय पाइपाचा साधा मांडव करून मधुमालती सोडली, तिला दोन वर्षं लागली पण आता खाली गार असतं आणि रात्री वास येतो. पाइपाची भोकं फरशी बसवायच्या आधी काँक्रीटमध्ये सोडून ठेवा, आम्ही झालेली फरशी कापली आणि चार फरश्या तडकल्या.

सातारा

सगळ्यांचं वाचलं, नाशिकच्या ताई तुमचं फक्कीचं वाचून मीही काल दुपारी तिथे जाऊन बसले, आमच्याकडे चारनंतर सावली येते, बरं वाटलं.

एक राहिलं होतं ते सांगते. अंगणाची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली राहू द्या. आमच्या गल्लीत एकांनी दारातून सपाट जाता यावं म्हणून फरशी उंबऱ्याला भिडवली आणि आता आतल्या भिंतीला ओल येऊन रंग फुगलाय. सपाट हवंच असेल, व्हीलचेअर वगैरे असेल, तर दारापुरता छोटा उतार करा, सगळं अंगण उचलू नका.

आणि आमचंही सगळं बिनचूक नाही. परवा सासूबाई पाटावर बसून वालपापडी निवडत होत्या, म्हणाल्या ही फरशी बोलते गं. लाकडी हातोडीने वाजवून बघितली, बाकीच्या टणटण आणि ही भदभद, खाली माल नीट भरलेला नाही. कोपऱ्यातली आहे, कापावी लागणार नाही. काकांना फोन केला तर म्हणाले मी कशाला, पहारीला फडकं गुंडाळून तूच उचल, खालचा माल ओला करून घे आणि नवा माल जरा जास्त घाल, मग ठोकून लेव्हलला आण. गोणीत थोडं सिमेंट उरलंय, गाठ झालेली नाही. रविवारी करते.