पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. हृदय अशक्त असताना सिलोस्टाझोल द्यावे का?

प्रश्न
माझे वडील ७६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. थोडे अंतर चालले की उजव्या पोटरीत गोळे येतात आणि थांबले की ते ओसरतात. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.६८, म्हणजे कमी आले आहे. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू आहे. आता एका नव्या डॉक्टरांनी चालण्याचे अंतर वाढवणारे सिलोस्टाझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिले आहे. मात्र जुन्या टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के आली होती आणि पायांवर सूज येते म्हणून लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे. अ‍ॅसिडिटीसाठी ते ओमेप्राझोल घेतात. हे सर्व एकत्र चालेल का?

उत्तर १
मी फिजिशियन आहे. हार्ट फेल्युअर (हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडणे) सौम्य असो वा तीव्र, त्या रुग्णाला सिलोस्टाझोल देऊ नये. याच पद्धतीने काम करणाऱ्या मिलरिनोन या हृदयाच्या औषधाच्या गोळ्यांमुळे तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमधील मृत्यू वाढल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते, म्हणून ही मनाई आहे. गोळी सुरू केली नसेल तर करू नका, केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, आणि एकोचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. नव्या डॉक्टरांपर्यंत तो पोहोचलाच नसण्याची शक्यता मला अधिक वाटते.

उत्तर २
मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ज्यांचे हृदय ठीक आहे अशा वाचकांसाठी लिहितो: ओमेप्राझोलमुळे सिलोस्टाझोलचा परिणाम वाढतो, त्यामुळे मात्रा ५० मिलिग्रॅम दोनदा अशी निम्मी करावी लागते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी. डोकेदुखी, धडधड आणि जुलाब हे नेहमीचे त्रास आहेत. तीन महिन्यांत चालण्यात फरक पडला नाही, तर ती चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

उत्तर ३
सिलोस्टाझोल फक्त चालण्याचे अंतर वाढवते. हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्याचे काम स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी करतात, त्यामुळे वेदना कमी झाली तरी त्या बंद करू नयेत. अ‍ॅस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम हा चांगला पर्याय आहे, पण त्यासोबत ओमेप्राझोल टाळून पॅन्टोप्राझोल घेतलेले बरे. अ‍ॅस्पिरिनला रिव्हरोक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारे औषध २.५ मिलिग्रॅम दोनदा जोडण्याची पद्धतही आहे, मात्र वृद्धांमध्ये रक्तस्रावाचा धोका आणि मूत्रपिंडांचे काम तपासूनच. पोटरी दुखेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हा व्यायाम हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीनदा करावा. रात्री झोपेत पाय दुखून तो खाली लोंबकळत ठेवावा लागला किंवा बोटावर जखम दिसली, तर गोळ्यांची वाट न पाहता त्वरित व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जा.