पाणी बदलताना क्षारता का घसरते

समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज थोडे पाणी आपोआप बदलण्यासाठी दोन साधे पंप टायमरवर लावून एकाने जुने पाणी काढावे व दुसऱ्याने नवे भरावे, अशी एक रचना सुचवली जाते. ती स्वस्त असली तरी दोन्हींचा वेग क्वचितच जुळतो. उपसा थोडा जरी जास्त झाला, तरी बाष्पीभवनाची तूट भरणारा फ्लोट (पातळी उतरताच पाणी सुरू करणारा तरंगता भाग) त्या जागी गोडे पाणी सोडतो आणि क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, नकळत उतरत जाते. त्यामुळे दोन हेडचा, म्हणजे एकाच यंत्रात उपसणारे व भरणारे असे दोन भाग असलेला, पेरिस्टाल्टिक पंप (लवचीक नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा) घेऊन दोन्ही हेडचा उपसा मोजपात्रात तपासावा, आणि नळ्या झिजत असल्याने ही जुळवणी अधूनमधून पुन्हा करावी. रोज १ टक्का पाणी बदलल्यास ३० दिवसांत प्रत्यक्षात सुमारे २६ टक्केच जुने पाणी जाते, कारण नव्यातलेही थोडे वाहून जाते. हा तोटा मला क्षुल्लक वाटतो. भरण्यासाठी साठवलेले नवे पाणी मात्र टाकीइतक्याच, म्हणजे साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) क्षारतेचे असावे.