खाद्यतेलापासूनचं विमान-इंधन: आगीचा धोका जास्त?

खिडकीची_सीट: वापरलेल्या खाद्यतेलापासून इंधन बनवून विमानात घालताहेत. पर्यावरण वगैरे ठीक, पण पेटलं तर? पेट्रोलियमच्या केरोसिनचा निदान अनुभव तरी आहे. मला हा प्रवाशांच्या जिवावरचा प्रयोग वाटतो.

रॉकेल: तळणीचं तेल गाळून ओतत नाहीत हो! हायड्रोजन लावून त्यातला ऑक्सिजन काढतात, उरतात ते केरोसिनसारखेच हायड्रोकार्बन. जेट ए-१ चा, म्हणजे नेहमीच्या विमान-इंधनाचा, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३८ अंश सेल्सिअस लागतो, तीच अट यालाही. साखरेपासून बनवलेल्या फार्नेसेन नावाच्या इंधनाला तर किमान १०० अंश!

खिडकीची_सीट: ३८ अंश तर तापलेल्या धावपट्टीवर उभ्या उभ्या होतात.

जुना_मेकॅनिक: हे बरोबर पकडलंत. १७ जुलै १९९६, टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ८०० क्रमांकाचं उड्डाण. मधल्या टाकीच्या तळाशी थोडंसंच इंधन, खालून एसीच्या यंत्रांची धग. वाफ आणि हवा पेटली, २३० माणसं गेली. इंधन पेट्रोलियमचंच होतं! त्यानंतर टाकीत नायट्रोजन भरून ऑक्सिजन कमी करायची पद्धत रुळली.

रॉकेल: तेच म्हणतोय, नवं इंधन जास्त धोकादायक नाही. उलट अ‍ॅरोमॅटिक्स (पेट्रोलियमच्या केरोसिनमधले वलयाकार रेणूंचे हायड्रोकार्बन) नसल्यामुळे काजळी कमी.

जुना_मेकॅनिक: थांबा, फ्लॅश पॉइंटवर एवढं विसंबू नका. टाकी फुटली की इंधनाचे तुषार उडतात, त्यांना ३८ काय नि १०० काय. १ डिसेंबर १९८४ ला नासा आणि एफएएने (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) रिकामं बोइंग ७२० चाचणीसाठी मुद्दाम आपटलं. इंधनात तुषार रोखणारं रसायन होतं, तरी आगीचा लोळ उठलाच.
आणि ज्या अ‍ॅरोमॅटिक्स नसल्याचं कौतुक करताय, त्यांच्यामुळेच नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल चकत्या) फुगून इंधन-नळ्यांच्या सांध्यात घट्ट बसतात. वर्षानुवर्षं जेट ए-१ मध्ये मुरलेली रिंग निव्वळ पॅराफिनात, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक्स नसलेल्या या नव्या इंधनात, आली की आक्रसते. मग सांध्यातून थेंब, आणि तो तापलेल्या भागावर. म्हणून तर नेहमीच्या इंधनाबरोबरच्या मिश्रणात किमान ८ टक्के अ‍ॅरोमॅटिक्स हवीत आणि खाद्यतेलाचं इंधन निम्म्यापर्यंतच.

खिडकीची_सीट: पण २०२३ मध्ये लंडन-न्यूयॉर्क विमान १०० टक्के अशा इंधनावर गेलं ना?

जुना_मेकॅनिक: गेलं, खास परवानगी काढून. त्यातसुद्धा १२ टक्के कृत्रिम अ‍ॅरोमॅटिक केरोसिन घातलं होतं. कशासाठी, ते वर लिहिलंय.